नवव्या माळेची फुलं

ब्रिस्टलला येताना आप्पांनी स्वेटर एकच आणला होता आणि पिशव्या मात्र चार. त्यांतली एक खास फुलांची. जाड खाकी कापडाची, तोंडाला नाडी असलेली, आजीने कधीतरी पोस्टाच्या जुन्या थैलीतून शिवलेली. आप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील, कराडचे निवृत्त पोस्टमास्तर. आजी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आप्पा घरात एकटेच भात-पिठलं करून खातात, हे आईला इथे बसून सहन होत नव्हतं. "एक हिवाळा आमच्याकडे काढा," असं तिने पत्रांतून इतक्या वेळा लिहिलं, की शेवटी ते त्या पत्रांना कंटाळूनच आले असावेत. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. आम्हाला इथे येऊन चार वर्षं झाली होती, माझं इंग्रजी शाळेतल्या इतर मुलींसारखं झालं होतं, आणि आपल्या घरातली कुठलीही गोष्ट रस्त्यावरून कुणाला दिसू नये, एवढीच माझी त्या वयातली महत्त्वाकांक्षा होती.

आणि नेमके आप्पा रोज उजाडायच्या आत फिरायला निघायचे. धोतरावर बाबांचा ओव्हरकोट, डोक्यावर काळी टोपी, पायांत लोकरी मोजे आणि त्यावर चपला. आमच्या गल्लीत त्या वेळी जागी असायची ती दोनच माणसं, एक दूधवाला आणि दुसरे आप्पा. दुधाच्या बाटल्यांची किणकिण, मग दूधवाल्याचं "मॉर्निंग, सर" आणि आप्पांचं खणखणीत "व्हेरी गुड मॉर्निंग" मला पांघरुणातून ऐकू यायचं, आणि मी पांघरूण आणखी वर ओढायची. आज तो आवाज ऐकायला मिळाला तर मी थंडीत अनवाणी दारात जाऊन उभी राहीन. त्या वेळी मात्र सगळी गल्ली खिडक्यांना नाकं लावून आमच्या म्हाताऱ्याकडे पाहते आहे, अशी माझी खात्री होती.

घरात नवरात्राची तयारी चालली होती. घटाखालच्या मातीत धान्य रुजायला ऊब लागते आणि इथे ऑक्टोबरात ऊब कुठली, म्हणून आईने रुजवण गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, घडी केलेल्या टॉवेलांच्या शेजारी ठेवलं होतं. श्रीखंडासाठीचं दहीही तिथेच लागायचं. नऊ दिवस नंदादीप तेवत ठेवायचा म्हटल्यावर बाबांना गालिच्याची काळजी. ते विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि कोणत्याही गोष्टीला आग कशी लागू शकेल याचा विचार करण्याचाच त्यांना पगार मिळत असे. त्यांनी ओव्हनमधला मोठा पत्र्याचा ट्रे घेतला, त्यात वाळू भरली आणि समई त्यात बसवली. "आता देवी निवांत, मीही निवांत," म्हणाले.

उरला प्रश्न माळांचा. घटावर रोज एक माळ चढवायची, नऊ दिवस नऊ. कराडला झेंडू, कारळ्याची पिवळी फुलं, शेवंती, काय हवं ते मिळायचं. इथे त्याआधीच्या वर्षांत आईने दुकानातून शेवंतीचा एक जुडगा आणून तोच पुरवून पुरवून नऊ दिवस वापरला होता, आणि एकदा तर शेवटच्या माळा क्रेप कागदाच्या केल्या होत्या. ते तिला फार लागलं होतं. आप्पांना हे कळल्यावर त्यांनी कपड्यांचा एक तारेचा हँगर उलगडला, त्याची आकडी वाकवली, बाबांच्या छत्रीच्या दांड्याला ती बांधली आणि खाकी पिशवी खुंटीवरून काढली.

इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे देवासाठी दुसऱ्याच्या दारचं फूल तोडणं ही चोरी नव्हे. निदान तोडणारा ती चोरी मानत नाही. आप्पांनी चाळीस वर्षं कराडात अशीच फुलं जमवली होती आणि त्यांचे नियम कडक होते. कंपाउंडच्या आत हात घालायचा नाही, बाहेर आलेल्या फांदीलाच काय ते शिवायचं. आणि झाडावर एक तरी फूल ठेवायचं. झाड कधी मोकळं करायचं नाही. "आपल्यामागून येणाऱ्याला दिसायला नको का, की इथे फुलं होती?" असं ते म्हणत. या नियमांनी पहिल्या आठ माळा सुरळीत झाल्या. कुंपणाबाहेर डुलांसारखी लोंबणारी लाल-जांभळी फुलं, रेल्वेच्या कडेची रानटी डेझी, कुणाच्या भिंतीवरून डोकावणारा गुलाब. मी दररोज देवीकडे एकच मागणं मागत होते, की कुणी पाहू नये.

नवमीच्या सकाळी आप्पा परत आले ते घाईने, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी ती हलकेच उपडी केली. फिकट जांभळ्या, मिटलेल्या कळ्यांचा ढीग पडला. पानं नाहीत, देठ म्हणावा तर तोही नाही. कळीलाच खाली लांब पांढरी नळी, गजऱ्याच्या गाठीत बसायला अगदी सोयीची. "कुसुम, ही बघ," आप्पा आईला म्हणाले, "गवतातून आली आहेत. नुसती फुलं! देवीनेच धाडली म्हणायचं." आईने एक कळी उकलून पाहिली. आत नारिंगी-लाल तंतूंचा झुपका होता. "अगंबाई, आप्पा, हे केशर आहे!" ती ओरडली. तिचा चेहरा असा उजळलेला मी इंग्लंडात आल्यापासून पाहिला नव्हता.

ती फुलं कुठली आहेत हे त्या स्वयंपाकघरात फक्त मला माहीत होतं. आमच्या गल्लीत घरांपुढच्या हिरवळींना भिंत नव्हती, कुंपण नव्हतं. आमचं गवत संपून शेजारच्या मिसेस प्रिचर्डचं कुठे सुरू होतं ते सांगता येऊ नये, अशीच ती वसाहत बांधली होती. ऑगस्टमध्ये मी माझ्या खिडकीतून शेजारच्या मिस्टर प्रिचर्डना पाहिलं होतं. आजाराने पार खंगले होते. ते हिरवळीवर उभे राहून लहान कांद्यांसारखं काहीतरी मूठ मूठ उधळत होते, आणि मग गुडघ्यांवर बसून जो कंद जिथे पडला तिथेच तो पुरत होते. त्यांची बायको बाजूला उभी राहून हसत होती. ओळीत का लावत नाही म्हणून तिने विचारलं असावं, कारण ते म्हणाले, "आपोआप उगवल्यासारखं दिसायला हवं, मार्गरेट." सप्टेंबरात ते हॉस्पिटलमध्ये गेले आणि परत आले नाहीत. आप्पा त्यानंतर आठ दिवसांनी आले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आणि फुलं खरोखरच आपोआप उगवल्यासारखी दिसत होती.

मी तोंड उघडलं होतं. पण आईने कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळायला घेतल्या होत्या, ती गुणगुणत होती, आणि मी तोंड मिटलं. दप्तर घेऊन बाहेर पडले तर मिसेस प्रिचर्ड ड्रेसिंग गाऊनवर रेनकोट घालून हिरवळीच्या मधोमध उभ्या. खाली पाहत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "शुभा, इथे कुणाला पाहिलंस का गं? माझे क्रोकस... कालपर्यंत होते." मी नाही म्हटलं. एवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण भीतीने माणसाला नको तितकं सुचतं. मी म्हटलं, "खारी असतील."

"खारी," त्या म्हणाल्या. "असतीलही." मग माझ्याशी नव्हे, गवताशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आठवडाभर पाऊस होता ना, म्हणून मिटूनच होते. ऊन पडल्याशिवाय उघडत नाहीत ते. आज ऊन पडणार असं रेडिओवर सांगितलं होतं."

आणि ऊन पडलं. त्या दिवसासारखं लख्ख ऊन ब्रिस्टलला ऑक्टोबरात मी पुन्हा क्वचित पाहिलं. वर्गाच्या उंच खिडक्यांतून ते सरळ माझ्या वहीवर येत होतं आणि दिवसभर मला एकच गोष्ट दिसत होती, रेनकोट घातलेली बाई आणि मोकळं गवत. दुपारच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. मला आप्पांचा राग आला, मग आईचा, मग तो राग फिरून फिरून माझ्यापाशी येऊन बसला. आप्पा बिचारे चुकले होते. मी चुकले नव्हते, मी खोटं बोलले होते.

घरी आले तेव्हा मागच्या खोलीत घटावर नववी माळ चढलेली होती. समईची आणि गॅसच्या शेगडीची ऊब लागून सगळ्या कळ्या उघडल्या होत्या. बाहेरून राखाडी-जांभळ्या दिसणाऱ्या त्या कळ्या आतून निळ्या होत्या, त्यावर गडद शिरा, आणि प्रत्येकीच्या मधोमध तो नारिंगी झुपका. फार सुंदर दिसत होतं ते. मी दप्तरासकट खाली बसले आणि रडत रडत आप्पांना सगळं सांगून टाकलं. कंद पुरणारे मिस्टर प्रिचर्ड, ते गेले ते, खारी, ऊन, सगळं.

आई दारात उभी राहून "अरे देवा" एवढंच तीनदा म्हणाली. मग आप्पा उठले, टोपी घातली, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. बढतीच्या मुलाखतीला जाताना ते असे तयार होत असत, असं आई नंतर म्हणाली. "चल," ते मला म्हणाले.

"आप्पा, तुम्ही जा ना. मी नाही येत."

"माझं इंग्रजी तारेपुरतं आहे, बाळ. मी सांगेन आणि तू त्यांना नीट सांगायचं. आणि तुझं तुला जे सांगायचंय, तेही."

मिसेस प्रिचर्डनी दार उघडलं. आप्पांनी हात जोडले आणि पोस्टखात्याच्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, आय ॲम द थीफ." मग मराठीत बोलू लागले आणि मी रडक्या आवाजात एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले. फुलं मी तोडली. देवीसाठी तोडली. कंपाउंड नाही म्हणून ती कुणाचीच नाहीत असं मला वाटलं. आमच्याकडे झाडावर एक तरी फूल ठेवायची रीत आहे, ती मी आजवर मोडली नाही. पण मी झाड शोधलं, मॅडम, झाडच नव्हतं. पान नाही, फांदी नाही. मग एक ठेवायचं तरी कशावर? इथे ते थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. आता माझी पाळी होती. मी म्हटलं, "आणि मला सकाळीच माहीत होतं. खारी नव्हत्या."

मिसेस प्रिचर्डनी आप्पांकडे चपलांपासून टोपीपर्यंत पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या, "खारीच्या मानाने हे बरेच उंच आहेत." पण त्यांचे डोळे हसत नव्हते. "मला ते उघडलेले पाहायचे होते, एवढंच. डेव्हिडने मला पाकिटावरचं चित्र दाखवलं होतं. म्हणाला होता, बाकी सगळी बाग निजते तेव्हा हे उठतात, तुला सोबत होईल."

मी हे आप्पांना मराठीत सांगितलं. ते एक पाऊल पुढे झाले आणि मला विचारल्याशिवाय, स्वतःच्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, दे आर ओपन. प्लीज कम अँड सी."

त्या आल्या. घरातल्याच सपाता घालून, तशाच. आमच्या मागच्या खोलीत चार वर्षांत एकही शेजारी आला नव्हता, कारण मी कुणाला येऊ दिलं नव्हतं. वाळूच्या ट्रेमधली समई, गालिच्यावर पसरलेल्या प्लॅस्टिकवरची माती, तिच्यातून आलेले पिवळट अंकुर, हे सगळं त्यांना कसं दिसेल या विचाराने मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. त्यांनी यातलं काहीच पाहिलं नाही. त्या सरळ माळेपाशी गेल्या, खाली गुडघ्यांवर बसल्या, अगदी कंद पुरताना मिस्टर प्रिचर्ड बसले होते तशा, आणि खूप वेळ पाहत राहिल्या. "असा होय तो निळा," त्या म्हणाल्या. "चित्रात नीट आला नव्हता." मग त्यांनी रुमाल काढला. आप्पा खिडकीशी जाऊन बाहेर बघू लागले. आजी गेल्यावर त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही पाहिलं नाही, कारण ते बराच वेळ वळलेच नाहीत.

आई सवयीने हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि अर्ध्यातच थबकली. नवरा जाऊन महिना झालेल्या बाईला कुंकू कसं लावायचं? आप्पा खिडकीपासूनच म्हणाले, "लाव, कुसुम. घट बसलेत आणि दारी बाई आली आहे." आईने लावलं. मिसेस प्रिचर्डनी मला याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, घरी आलेल्या बायकांना लावतात. त्या दिवशीच्या माझ्या सगळ्या भाषांतरांत तेच मला आजही सगळ्यांत बरोबर वाटतं.

मग चहा झाला आणि आईने भीत भीत दुधाची वाटी पुढे केली. सकाळी तिने काही फुलांचे तंतू काढून कोमट दुधात भिजत घातले होते. दसऱ्याच्या श्रीखंडात घालायचा बेत होता. चक्का नळाला टांगलेला असल्याने बाबांची दोन दिवस अंघोळ बंद होती. पण दूध पांढरं ते पांढरंच. मिसेस प्रिचर्डनी वास घेतला आणि पहिल्यांदाच मोकळं हसल्या. हे केशर नव्हे, केशराचा भाऊ, याला रंग-वास काही नाही. मग एकदम गंभीर झाल्या. याच्यासारखंच दिसणारं, याच दिवसांत असंच पानांशिवाय उगवणारं दुसरं एक फूल असतं, ते जहाल विषारी. त्यांनी माळेतलं एक फूल उकलून आईला आतले पिवळे पुंकेसर मोजायला लावले. तीन असले तर क्रोकस, सहा असले तर हात लावू नकोस. आईने वाटी मोरीत ओतली आणि श्रीखंड त्या वर्षी वेलदोड्याचं झालं. आजही मी ऑक्टोबरात कुणाच्या बागेत गेले की आधी वाकून तीनपर्यंत मोजते. लोकांना वाटतं माझी कंबर दुखते आहे.

दसऱ्यानंतर निर्माल्याचा प्रश्न आला. कराडला ते कृष्णेत सोडायचे. इथे आईने तोवर ते एका खोक्यात साठवलं होतं. आप्पांनी नववी माळ वेगळी काढली आणि मिसेस प्रिचर्डना विचारून त्यांच्याच हिरवळीत, चमच्याने खड्डा करून पुरली. त्या वेळी त्यांनी आप्पांना बोटाने माती उकरून खालचा कंद दाखवला. फूल तोडल्याने याला काही होत नाही, खाली सगळं शाबूत आहे. पानं येतात ती वसंतात, गवतासारखी बारीक, मधोमध पांढरी रेघ असलेली. ती पिवळी पडेपर्यंत कापायची नाहीत, कारण पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्या जिवावर येतं. आप्पांना हे फार पटलं. म्हणजे झाड होतंच, ते म्हणाले, फक्त फुलाबरोबर येत नाही.

मार्चमध्ये पानं आली तेव्हा आप्पा परत जायच्या तयारीत होते. दोन्ही हिरवळींवर मशीन फिरवायचं काम तोवर बाबांनी स्वतःकडे घेतलं होतं आणि बाबांच्या सफाईचा आप्पांना धाक होता. त्यांनी त्या जागेभोवती काड्या रोवल्या, सुतळी बांधली आणि पोस्टातल्या पाटीच्या अक्षरात पुठ्ठ्यावर 'नो एंट्री' लिहून लावलं. गल्लीतून येणारे-जाणारे थांबून वाचायचे. मला त्याची लाज वाटली नाही, याचं मलाच नवल वाटलं. खाकी पिशवी आप्पा इथेच ठेवून गेले. आज माझ्या हिरवळीत जे क्रोकस येतात ते त्याच कंदांचे. मिसेस प्रिचर्ड पुढे बहिणीकडे राहायला गेल्या तेव्हा कागदाच्या पिशवीत भरून त्यांनी ते मला दिले, आणि मी ते उधळून, पडतील तिथे पुरले.

पण त्याआधीच्या, आप्पा कराडला परतल्यानंतरच्या पहिल्या नवरात्राचं सांगायचं राहिलं. उन्हाळ्यातच मिसेस प्रिचर्डनी मला नवमी कधी आहे ते विचारून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. त्या सकाळी घंटा वाजली. दारात त्या उभ्या, हातात भाज्या निथळायची चाळणी, आणि चाळणीत जांभळ्या कळ्या. "तुमच्या लेडीसाठी," त्या म्हणाल्या. "मीच तोडल्या आहेत, तेव्हा खारींवर आळ घेऊ नकोस."

आईने चाळणी घेतली, आणि तिच्या डोक्यात काय आलं ते मला लगेच कळलं, कारण माझ्याही डोक्यात तेच आलं होतं. मी जिना चढून माझ्या खिडकीशी गेले. शेजारची हिरवळ सगळी मोकळी होती. फक्त तिच्या मधोमध, कुठेही पान नसलेल्या गवतात, एक फूल उभं होतं, आणि त्याच्यावर नुकतं ऊन यायला लागलं होतं.

त्या दिवशी आईने आप्पांना पत्र लिहिलं आणि सगळी खुशाली कळवून निळ्या एअरोग्रामच्या तळाशी माझ्यासाठी दोन ओळींची जागा ठेवली. मला एकच ओळ पुरली. मी लिहिलं, "आप्पा, त्यांनी एक ठेवलंय."